चर्चमधल्या गाण्याला तिकीट असावं का?

मंद्रसप्तक

काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका संध्याकाळी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये मैफल ऐकायला गेलो होतो. पॉल विंटर या सॅक्सोफोनवादकाने वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या सुमारास तिथे मैफल करायची प्रथा १९८० मध्ये सुरू केली, तीच ही मैफल. रीतसर तिकीट काढलं होतं. संपल्यावर पायऱ्या उतरत होतो, तर पुढे चालणाऱ्या एक वयस्क बाई सोबतच्या मुलीला म्हणाल्या, "देवाच्या घरात शिरायला पैसे मोजावे लागले, हे काही मला पटलं नाही." त्या चिडलेल्या नव्हत्या, दुखावलेल्या होत्या. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. माझं उत्तर त्यांच्या उलट आहे, म्हणून हा धागा.

आधी त्या वास्तूबद्दल. पायाभरणी २७ डिसेंबर १८९२ ला झाली आणि काम आजही पुरं झालेलं नाही. लांबी ६०१ फूट. आत टाळी वाजवली तर ती विरायला जवळजवळ आठ सेकंद लागतात. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला हे आठ सेकंद धरूनच चालावं लागतं, द्रुत लयीत गेलात की स्वरांचा नुसता चिखल होतो. त्या रात्री वादकाने एक छोटी सुरावट वाजवली, सॅक्सोफोन ओठांपासून खाली घेतला आणि थांबला. सुरावट एकटीच पुढे गेली, वर छतापाशी घुटमळली, आणि ती विझायच्या आत त्याने दुसरी तिच्यावर आणून ठेवली. तानपुऱ्याचा षड्ज मागे भरून असतो ना, तसा त्याचाच आधीचा स्वर त्याच्या मागे भरून होता. मी कोटसुद्धा न काढता दोन तास बसून होतो.

मी श्रद्धाळू नाही. लहानपणी आजोबांचा हरिपाठ रोज तिन्हीसांजेला कानावर पडायचा. त्यातली चाल आणि टाळाचा ठोका माझ्याजवळ राहिला, देव राहिला नाही. त्यामुळे प्रार्थनेपासून सुटं करून गाणं ऐकता येतं, ही माझ्यासाठी अनुभवाची गोष्ट आहे.

आता मुद्दा. अमेरिकेचं म्हणून जे संगीत जग ऐकतं ते चर्चने घडवलं. गायिका अरीथा फ्रँकलिन डेट्रॉइटमध्ये वडिलांच्या न्यू बेथेल चर्चमध्ये गात मोठी झाली. जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन आयुष्यभर क्लबांतून आणि नाचघरांतून वाजवत आला, पण १९६५ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये त्याने आपली पहिली 'पवित्र मैफल' केली. दुसरी १९ जानेवारी १९६८ ला याच सेंट जॉनमध्ये. १९७४ मध्ये तो गेला तेव्हा अंत्यविधीही इथेच झाला आणि बारा हजारांवर माणसं लोटली. जॅझवाल्याला निरोप द्यायला शहराने कॅथीड्रल निवडलं, यातच सगळं आलं.

आणि आज बाकं रिकामी होत चालली आहेत. छपरं गळतात. २००१ च्या डिसेंबरात सेंट जॉनला आग लागली, धुराने ऑर्गन काळवंडला. सगळं धुऊन-पुसून वास्तू पुन्हा पूर्णपणे उघडायला २००८ चा नोव्हेंबर उजाडला. पैसा कुठून यायचा? माझं मत: मैफली लावा, उघडपणे तिकीट लावा, आणि ज्यांना फक्त गाणं हवं आहे त्यांना ताठ मानेने आत येऊ द्या. गाणं जगलं तर वास्तू जगेल.

विरोधी मतं हवी आहेत, जपून लिहू नका.

जमाखर्च

विरोधी मत माझ्याकडे आहे. 'चर्चने घडवलं' हे तुमच्या मुद्द्याचं पहिलंच वाक्य मला मान्य नाही. चर्चमध्ये घडलं, एवढंच म्हणा. पुष्कळदा तर चर्चच्या विरोधाला न जुमानता घडलं.

बॉस्टनचं उदाहरण घ्या. थॉमस ब्रॅटल नावाचा व्यापारी १७१३ मध्ये वारला. मृत्युपत्रात त्याने घरचा ऑर्गन ब्रॅटल स्क्वेअर चर्चला ठेवला होता. चर्चने सांगितलं, सार्वजनिक उपासनेत वाद्य बसत नाही, आम्हाला नको. मग तो किंग्ज चॅपलकडे गेला. प्युरिटन या कडक प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांना चर्चमध्ये स्तोत्रं चालायची, वाद्य चालायचं नाही. फुकट दारात आलेला ऑर्गन परत पाठवणारी ही संस्था, आणि संगीताचं श्रेय तिला?

तुमचा एलिंग्टनच घ्या. १९६६ मध्ये वॉशिंग्टनला त्याची पवित्र मैफल व्हायची होती तेव्हा तिथल्या बाप्टिस्ट धर्मगुरूंच्या मंडळाने तिला पाठिंबा द्यायला नकार दिला. क्लबात वाजवणारा माणूस, म्हणून. शिकागोत गॉस्पेलचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिसंगीताचे, जनक मानले जाणारे टॉमस डॉर्सी नवी गाणी घेऊन चर्चोचर्ची फिरत होते, तेव्हा चांगल्या-चांगल्या चर्चांनी त्यांना बाहेरची वाट दाखवली. फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन यांना गोऱ्यांच्या बरोबरीने प्रार्थना करू दिली नाही, तेव्हा त्यांनी बाहेर पडून १७९४ मध्ये स्वतःचं चर्च काढलं आणि १८०१ मध्ये स्वतःचं गीतपुस्तक छापलं. ते गीतपुस्तक हाकलून दिलेल्या माणसांनी केलेलं आहे.

आणि तिकीट. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चला १७०५ मध्ये इंग्लंडच्या राणी ॲनकडून मॅनहॅटनमधली २१५ एकर जमीन मिळाली. तिच्यातल्या उरलेल्या भागाच्या जोरावर ते आजही गडगंज आहे. त्यांच्या दुपारच्या, जर्मन संगीतकार बाखच्या मैफली फुकट असतात, कारण त्यांना परवडतं. अमेरिकेत चर्चला करमाफी असते, म्हणजे वाटा सगळ्या समाजाचा आधीच गेलेला असतो. त्या वाट्यावर उभ्या असलेल्या जागेत शिरायला पुन्हा तिकीट हे मला अन्यायाचं वाटतं. त्या बाई बरोबर होत्या, कारण मात्र माझं वेगळं आहे.

दुसरी ओळ

मी गाते. बॉस्टनजवळच्या एका हौशी गायनवृंदात आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीतल्या आवाजांच्या, दुसऱ्या ओळीत उभी असते, आयडी त्यावरूनच घेतला. आमचे निम्मे कार्यक्रम चर्चमध्ये होतात, त्यामुळे तिकिटाला माझा मुळातून विरोध नाही. पेनसिल्वेनियातल्या बेथलहेम गावात १८९८ मध्ये बाखसाठी वृंद स्थापन झाला आणि त्याने २७ मार्च १९०० ला तिथल्या मोरेव्हियन चर्चमध्ये बाखची बी मायनर मास, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या शब्दांवरची मोठी गायनरचना, अमेरिकेत पहिल्यांदा अखंड गायली. गावातलीच माणसं होती ती. चर्चशिवाय एवढी माणसं आठवड्यामागून आठवडा तालमीला जमली नसती, हे मी आतून सांगते.

पण मंद्रसप्तक, तुम्ही 'प्रार्थनेपासून सुटं' म्हणता तिथे मी थांबले. तुमचा प्रश्न अमेरिकेत १८७१ सालीच विचारला गेला आहे, आणि तो खुद्द गाणाऱ्यांना पडला होता.

नॅशव्हिलचं फिस्क विद्यापीठ गुलामीतून सुटलेल्यांसाठी काढलेलं. पाच वर्षांत कर्जबाजारी झालं. मग नऊ विद्यार्थी गाणी म्हणत पैसे जमवायला निघाले, तेच फिस्क ज्युबिली सिंगर्स. सुरुवातीला त्यांनी लोकांसमोर गोऱ्यांना माहीत असलेली गाणी म्हटली. आईवडिलांनी गुलामीत गायलेली स्पिरिच्युअल्स त्यांना परक्यांसमोर गायचीच नव्हती. वृंदातल्या एला शेपर्ड यांनी नंतर लिहून ठेवलं आहे की ती गाणी त्यांच्या आईवडिलांच्या उपासनेतली पवित्र ठेव होती. आपापसात, दारं लावून म्हणायची. शेवटी ओबरलिनच्या चर्चमध्ये जमलेल्या धर्मगुरूंसमोर त्यांनी 'स्टील अवे' हळू आवाजात म्हटलं आणि सभा स्तब्ध झाली. तिथून पुढे तीच गाणी तिकीट लावून अमेरिकाभर, मग युरोपभर गायली गेली आणि त्या पैशातून विद्यापीठाचं ज्युबिली हॉल उभं राहिलं.

मला या गोष्टीत दोन्ही बाजू दिसतात. तिकीट लागलं नसतं तर ती गाणी कदाचित विस्मृतीत गेली असती. पण लावायचं की नाही हे ठरवायचा हक्क त्या मुलांचा होता. ऐकणाऱ्याचा नव्हता.

याची दुसरी बाजू मी हार्लेममध्ये पाहिली. एका जुन्या बाप्टिस्ट चर्चच्या रविवारच्या उपासनेला गेले होते. पर्यटकांची रांग वेगळी, गावातल्या लोकांची वेगळी. आम्हाला वर सज्जात बसवलं. माझ्या शेजारच्या जोडप्याने गाणं सुरू झालं की फोन वर करायचा, संपलं की खाली. वृंदाची तीन गाणी झाली, प्रवचनाला सुरुवात झाली आणि सज्जातली निम्मी बाकं उठली. खाली पुढच्या रांगेत लव्हेंडर रंगाची टोपी घातलेल्या एक आजी होत्या. त्यांनी मान वळवून वर पाहिलं, सज्जाचा जिना वाजत होता तेवढा वेळ तसंच पाहत राहिल्या, आणि मग पुन्हा समोर वळल्या. मी त्यानंतर तिथे ऐकायला म्हणून गेले नाही.

भिंगारची वाट

मी मराठी ख्रिस्ती आहे, नगरचा. ही चर्चा वाचून राहवलं नाही.

आमच्या गावाचा अमेरिकेतल्या चर्चशी जुना संबंध आहे, तो आधी सांगतो. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. मुख्यतः काँग्रिगेशनल पंथाचे. ताईंनी फिस्कचं सांगितलं, ते विद्यापीठ चालवणारेही बहुतेक त्याच पंथाचे होते. तर या लोकांनी आपल्या चाली आणल्या आणि त्यात मराठी शब्द बसवले. ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण व्हायची. पुढे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनं रचली, ना. वा. टिळकांनी अभंग-ओव्यांत गीतं लिहिली, आणि मग आमची मंडळी मोकळ्या गळ्याने गायला लागली. आमच्याकडे पेटी, तबला, टाळ घेऊन उपासना होते. मिशनऱ्यांनी ते होऊ दिलं, याचं श्रेय मी त्यांना देतो.

आता माझं म्हणणं. मंद्रसप्तक, तुम्ही 'ऐकणं' या शब्दापासून सुरू करता, तिथेच तुमची वाट वेगळी होते. उपासनेत श्रोता नसतो. अमेरिकेच्या ईशान्येतल्या न्यू इंग्लंडमध्ये १६४० साली छापलेलं स्तोत्रांचं पुस्तक फार थोड्यांकडे असायचं, म्हणून एक जण ओळ सांगायचा आणि बाकीचे ती ओढून म्हणायचे. केंटकीच्या डोंगरातल्या काही बाप्टिस्ट मंडळ्या आणि दक्षिणेतली कृष्णवर्णीयांची चर्चं आजही तशी गातात. आपल्या भजनात बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी उचलतात, त्यासारखंच. यात कुणी तिकीट काढून बसला तर तो नेमकं काय ऐकतो? अर्धं गाणं त्याच्याच तोंडून यायचं असतं.

जमाखर्च यांनी डॉर्सींचं नाव घेतलं, पण गोष्ट अर्धीच सांगितली. डॉर्सी आधी 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज हे कृष्णवर्णीयांचं चर्चबाहेरचं संगीत वाजवायचे, मा रेनी या गायिकेच्या साथीला असायचे. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ते सेंट लुइसला उपासना-सभेत गायला गेले होते. घरी बायको, नेटी, बाळंतपणाला टेकलेली. तिथे तार आली, ती गेली. परत धावत आले तर बाळ होतं, पण तेही लगेचच गेलं. मायलेकरांना एका पेटीत पुरलं. त्यानंतर त्यांनी ठरवलं होतं की देवासाठी एक ओळही लिहायची नाही, ब्लूजकडे परत जायचं. मग एका संध्याकाळी पियानोपाशी बसले आणि जुन्या एका गीताच्या चालीवर बोटं फिरता फिरता 'प्रेशस लॉर्ड, टेक माय हँड' आलं. प्रिय प्रभू, माझा हात धर. त्याच वर्षी ते शिकागोच्या पिलग्रिम बाप्टिस्ट चर्चचे संगीतप्रमुख झाले आणि पुढे कित्येक दशकं तिथेच राहिले. काही चर्चांनी त्यांना हाकललं हे खरं, पण त्यांना जागा दिली तीही चर्चनेच.

४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसच्या मोटेलच्या सज्जात उभे राहून मार्टिन ल्यूथर किंग खाली उभ्या असलेल्या बेन ब्रँच या वादकाला म्हणाले, आजच्या सभेत हेच गाणं वाजव, छान वाजव. पुढच्या क्षणी गोळी लागली. ९ एप्रिलला अंत्यविधीत गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सनने तेच गायलं.

माझे वडील वारले तेव्हा आमच्या अंगणात मंडळी गात होती. सुरात कोण होतं, कोण नव्हतं, मला आठवत नाही. मला धरून ठेवलं होतं त्या आवाजाने. हे गाणं मैफलीत नेऊ नका असं मी म्हणत नाही. पण सुटं करण्यात काही गमावत नाही, असं तुमच्या बोलण्यातून निघतं, ते खरं नाही.

मंद्रसप्तक

भिंगारची वाट, मनापासून लिहिलंत. नेटीची गोष्ट मला माहीत नव्हती.

तरीही वाद सोडत नाही. सप्टेंबर १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बाप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटला. रविवार सकाळ. तळघरात तयार होत असलेल्या चार मुली गेल्या. दोन महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने 'अलाबामा' ध्वनिमुद्रित केलं. एकही शब्द नाही. सॅक्सोफोन प्रवचनकारासारखा सावकाश बोलत जातो, खाली पियानोचा खर्ज हलत असतो. ते चर्चमध्ये वाजवलेलं नाही आणि कुणी मंडळी बनून ते ऐकत नाही. मी नोकरीतल्या एका फार वाईट काळात, रात्री गाडीत बसून ते ऐकायचो. तुम्हाला अंगणातल्या आवाजाने धरून ठेवलं, मला त्या सॅक्सोफोनने. माझं धरणं खोटं होतं का?

१९७२ च्या जानेवारीत अरीथाने लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बाप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री गाऊन तबकडी केली. मायक्रोफोन होते, कॅमेरे होते, बाहेर धंद्याचा हिशेब होता. आणि तरीही तबकडीत मंडळींचे हुंकार, टाळ्या, रडणं सगळं आहे. व्यवहार आणि भक्ती एकाच खोलीत होती.

अजून एक. १९ जानेवारी १९७३ ला निक्सन यांच्या दुसऱ्या शपथविधीच्या आदल्या रात्री केनेडी सेंटरमध्ये सरकारी मैफल होती, तोफांच्या आवाजाची चायकॉव्स्कीची '१८१२' ही वाद्यरचना वाजणार होती. व्हिएतनाम युद्ध चालू होतं. त्याच रात्री लिओनार्ड बर्नस्टाइनने वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये हायडनची 'युद्धकाळातली मास' वाजवली. आत जागा पुरली नाही, हजारो माणसं बाहेर पावसात उभी राहून ध्वनिक्षेपकावर ऐकत होती. त्यातले सगळे काय ख्रिस्ती होते? ज्यू संगीतकार, कॅथलिक मास, एपिस्कोपल चर्च. मला हवं असलेलं चर्च ते हे.

जमाखर्च

आणि ती बर्नस्टाइनची मैफल विनामूल्य होती. तुम्ही माझंच उदाहरण दिलंत.

ओहायो काकू

मुलांनो, मी इथे १९७९ पासून आहे. तुमच्याइतका इतिहास मला ठाऊक नाही, पाहिलेलं सांगते.

आमच्या गावात तेव्हा मराठी घरं अकरा. गणपती बसवायला जागा नव्हती. एका छोट्या चर्चच्या पाळकांनी खालचा हॉल दिला. भाडं नाममात्र, खुर्च्या आपण लावायच्या, कॉफीचं मोठं भांडं धुऊन ठेवायचं. कापूर लावायचा म्हटल्यावर ते विचारात पडले, कारण धुराची घंटा वाजली तर अग्निशमन येणार. मग त्यांनी स्वतः मागचं दार उघडून धरलं आणि आरती होईपर्यंत थंडीत तिथेच उभे राहिले. त्यांची ऑर्गन वाजवणारी बाई सरावाला वर आली होती, ती आवाज ऐकून खाली उतरली. 'घालीन लोटांगण'ची लय वाढत जाते ना, तिथे ती पायाने ठेका धरायला लागली. पुढच्या वर्षी तारीख तिनेच आठवणीने विचारली.

ते चर्च आता नाही. मंडळी म्हातारी झाली, छपराचा खर्च निघेना, इमारत विकली. शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी मदतीसाठी मैफली केल्या होत्या, दहा डॉलर तिकीट. आम्ही प्रत्येकीला गेलो. मला त्यात देवाचा अपमान काही वाटला नाही. वाटलं ते एवढंच, की हे दहा वर्षं आधी सुरू करायला हवं होतं. म्हणून माझं मत मंद्रसप्तकच्या बाजूने. जमाखर्च, तुझी ती दोनशे एकरवाली चर्चं किती असणार रे? बाकीची सगळी आमच्या त्या चर्चसारखीच.

जमाखर्च

काकू, तुमचं पटलं. लहान चर्चने तिकीट लावलं तर मी विरोध करणार नाही. मूळ प्रतिसादात मी सगळ्यांना एका मापाने मोजलं, ती चूक झाली.

पण मग पैसा जातो कुठे हेही बघू. कॅलिफोर्नियात गार्डन ग्रोव्ह इथे क्रिस्टल कॅथीड्रल १९८० मध्ये उघडलं. फिलिप जॉन्सनचा आराखडा, दहा हजारांवर काचा. टीव्हीवरच्या प्रवचनांनी आणि भव्य कार्यक्रमांनी गाजलेलं. २०१० मध्ये दिवाळं निघालं. कॅथलिकांनी ते ५ कोटी ७५ लाख डॉलरना घेतलं आणि २०१९ मध्ये पुन्हा उघडलं. मधल्या काळात तिथला सोळा-सतरा हजार नळ्यांचा ऑर्गन सुटा करून दुरुस्तीला इटलीत पाडुआला धाडला होता. काचेच्या घरातल्या उन्हाने त्याची दुर्दशा झाली होती.

आणि ज्या पिलग्रिम चर्चमध्ये डॉर्सींनी गॉस्पेल वाढवलं, ते ६ जानेवारी २००६ ला छपराच्या दुरुस्तीचं काम चालू असताना पेटलं. मूळची वास्तू ॲडलर आणि सलिव्हन या वास्तुकारांनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, म्हणून बांधलेली, नंतर बाप्टिस्टांकडे आलेली. आतलं सगळं गेलं, गॉस्पेलच्या इतिहासाचे कागद गेले, उरल्या भिंती. त्या भिंतींवर पुन्हा छप्पर चढवायला पैसा जमत नाही म्हणून वर्षामागून वर्षं गेली. ऑर्गन समुद्र ओलांडून जाऊन येतो आणि 'प्रेशस लॉर्ड' जिथे रुजलं तिथे आभाळ दिसतं. तिकीट लावून 'वास्तू जगेल' म्हणता, तेव्हा कुठली जगते ते बघा. ज्या चर्चच्या शेजारी पैसेवाले श्रोते राहतात, ती.

दुसरी ओळ

जमाखर्च यांचा हा मुद्दा मला सगळ्यात जड वाटला.

एक भर घालते. आपण सगळे वास्तूबद्दल बोलतोय. गाणाऱ्या पोरांना शिकवतं कोण? न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या सेंट टॉमस चर्चने १९१९ मध्ये वृंदात गाणाऱ्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. अशा शाळा जगात बोटांवर मोजण्याइतक्या. २०२४ मध्ये चर्चने सांगितलं की खर्च झेपत नाही, शाळा बंद करावी का याचा विचार चालू आहे. तेही मॅनहॅटनच्या मध्यावर, श्रीमंत शेजारात. तिकिटाच्या पैशातून आठ वर्षांच्या पोराला रोज स्वर लावायला शिकवणं परवडत नाही. ते आजवर परवडलं, कारण कुणीतरी त्याला मैफल न समजता उपासना समजून पैसे देत होतं. मंद्रसप्तक, तुमच्या-माझ्यासारख्यांनी काढलेल्या तिकिटाने शेवटचा स्वर विकत घेता येतो. पहिल्या 'सा'चे पैसे त्या विश्वासणाऱ्यांनी दिलेले आहेत.

भिंगारची वाट

मंद्रसप्तक, तुम्ही विचारलंत, तुमचं धरणं खोटं होतं का. नाही. मुळीच नाही. मी तसं म्हटलं असेल तर क्षमा करा. कोल्ट्रेनची ती रचना काल रात्री ऐकली. मुलगी म्हणाली, बाबा, हे तर आपल्या पाळकसाहेबांच्या प्रार्थनेसारखं आहे, मध्येच थांबतात तसं.

एक विनंती आहे. त्याच कॅथीड्रलमध्ये रविवारी तिकिटाशिवाय उपासना होत असेल. एकदा जा. विश्वास ठेवायला नव्हे. नुसते जा.

मंद्रसप्तक

गेलो. काल दुपारी चारची संध्याप्रार्थना.

त्या सहाशे फुटांत आम्ही जेमतेम पन्नास माणसं, पुढे वृंदाजवळच्या लाकडी बाकांवर बसलेली. मागचा सगळा भाग अंधारात. फोन कुणीच काढला नाही. वृंदाने स्तोत्र म्हटलं, ओळ संपली की थांबायचे, आठ सेकंद जाऊ द्यायचे, मग पुढची. मैफलीत वादकाने तीच जागा वापरली होती, पण तिथे मी ती कला म्हणून ऐकली होती. इथे ती वाट पाहिल्यासारखी वाटली.

मग सगळे गीतासाठी उभे राहिले. मी पुस्तक उघडलं, पण पानांचे आकडे आणि गीतांचे आकडे यात गोंधळलो. तोवर ऑर्गनने चाल धरली होती. शेजारच्या बाईंनी आपलं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि गाता गाताच ओळीखाली बोट ठेवलं. हातमोजा होता, करड्या लोकरीचा, अंगठ्याशी रफू केलेला. बोट शब्दाशब्दाने पुढे जात होतं. दुसऱ्या कडव्यापर्यंत मी गप्प होतो. तिसऱ्यात चाल पाठ झाली होती.

तिकिटाबद्दल माझं मत अजून तेच आहे. दुसऱ्या ओळीच्या पहिल्या 'सा'ला माझ्याकडे उत्तर नाही. पिलग्रिमच्या छपरासाठी कुणी निधी गोळा करत असेल तर जमाखर्च, तुम्ही शोधून इथे लिहा. मी पैसे पाठवतो.